टर्बो पेट्रोल आणि परफॉर्मन्स गाड्या: ॲव्हरेज आणि खर्च, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे दीड लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची, ड्युअल क्लच गिअरबॉक्सची सेडान आहे. (टर्बो म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप; ड्युअल क्लच म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स.) पुण्यात रोजचं ऑफिस, महिन्यातून एकदा मुंबई, वर्षातून दोनदा कोकण असा तिचा प्रवास. गाडी घरी आली त्या दिवसापासून प्रत्येक टाकी आणि प्रत्येक बिल मी एका वहीत लिहितो. ही वही आहे हे कळल्यापासून लोक प्रश्न पाठवतात, आणि बरेचदा तेच तेच. त्यांची उत्तरं एका जागी राहावीत म्हणून हे पान. हिशोबात पेट्रोल लिटरला १०४ रुपये धरलं आहे. तुमच्या गावचा भाव घालून आकडे परत मांडा.

१. परफॉर्मन्स गाडी नेमकी कोणाला म्हणायचं? माझी १.० टर्बो त्यात बसते का?

बसते, माझ्या मते. आपल्याकडे या गाड्यांचे तीन थर आहेत. पहिल्यात ह्युंदाई आय-२० एन लाइन, जिचं एक लिटरचं इंजिन १२० पीएस (ताकदीचं माप, जवळपास हॉर्सपॉवरच) देतं, किंवा जुनी पोलो जीटी टीएसआय: २०१३ मध्ये १.२ लिटर आणि १०५ पीएस, २०२० पासून १.० लिटर आणि ११० पीएस. दुसऱ्या थरात फोक्सवॅगन व्हर्टस जीटी आणि स्कोडा स्लाव्हियाचं १.५ टीएसआय (या दोन कंपन्यांच्या टर्बो पेट्रोल इंजिनाचं नाव), १५० पीएस आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर. पोलो, व्हर्टस, स्लाव्हिया या तिन्ही आपल्या चाकणच्या. तिसऱ्या थरात बाहेरून मोजक्या संख्येने येणाऱ्या दोन लिटरच्या गाड्या: ऑक्टेव्हिया आरएस, गोल्फ जीटीआय. खाली जिथे "थर" म्हटलं आहे तिथे हेच तीन समजा.

२. खरं ॲव्हरेज किती मिळतं? गोड बोलू नका.

माझी वही आणि ओळखीच्या गाड्या मिळून सांगतो. पहिल्या थरातली गाडी शहरात १० ते १३, हायवेला १६ ते १८. दुसऱ्या थरातली शहरात ९ ते १२, हायवेला १५ ते १८. तिसऱ्या थरातली शहरात ७ ते ९ आणि हायवेला १२-१४. माझ्या गाडीचं शहर-हायवे मिळून वर्षाचं ११ पडतं. हिंजवडीच्या एका पावसाळी आठवड्यात ७.८ सुद्धा लिहिलेलं आहे, आणि पहाटे पाचला निघून शांतपणे कोल्हापूर गाठलं त्या टाकीला १८.४.

३. ब्रोशरवर १८-१९ लिहिलंय. मला १० मिळतं. गाडीत दोष आहे का?

बहुतेक वेळा नाही. ब्रोशरवरचा आकडा रस्त्यावर मोजलेला नसतो. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर चढवून, ठरवून दिलेल्या वेगाच्या आलेखाप्रमाणे चालवतात. त्या आलेखात सर्वाधिक वेग ताशी ९० किलोमीटर, आणि एसी बंद. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा उपयोगी आहे, महिन्याचं बजेट आखायला नाही.

आता तुमची सकाळ आठवा. थंड इंजिन, चार किलोमीटरचा प्रवास, त्यात अकरा सिग्नल, एसी चालू. गाडी जागेवर उभी असताना असं इंजिन एसीसकट तासाला साधारण पाऊण ते एक लिटर पेट्रोल पितं. चांदणी चौकात वीस मिनिटं अडकलात तर पाव लिटर गेलं, आणि गाडी सरकली पाचशे मीटर. इंजिन गरम होईपर्यंत मिश्रणही जरा जास्त पेट्रोलचं असतं, त्यामुळे छोट्या फेऱ्यांचं ॲव्हरेज कायम वाईट येतं.

दोष आहे असं कधी समजायचं? तोच रस्ता, तोच चालक, तरीही दोन-तीन टाक्यांत ॲव्हरेज १५-२० टक्क्यांनी पडलं तर. तेव्हा आधी टायरमधली हवा पाहा, मग अडकलेला ब्रेक (थोडं चालवून चारही चाकांच्या रिमजवळ हात धरा, एक जास्त तापलेलं कळतं), मग एअर फिल्टर, मग प्लग.

४. डिस्प्लेवर दिसणारं ॲव्हरेज धरायचं का?

कल म्हणून पाहा, हिशोबाला नको. माझा डिस्प्ले सातत्याने अर्धा ते एक किलोमीटर जास्त दाखवतो. टाकी ऑटो कटपर्यंत फुल करा, ट्रिप शून्यावर आणा, पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर परत ऑटो कटपर्यंत भरा, किलोमीटरला लिटरने भागा. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका, पाच टाक्यांची सरासरी घ्या. आणि ऑटो कटनंतर गळ्यापर्यंत भरायचा आग्रह नको: त्याने हिशोब बिघडतो आणि पेट्रोलची वाफ धरणारा कॅनिस्टर ओला होऊन खराब होतो.

५. जास्त पीएस म्हणजे जास्त पेट्रोल, हे खरं ना?

हा गैरसमज मला मनापासून खोडायचा आहे. पेट्रोल लागतं ते कामाला. इंजिनात ताकद किती साठली आहे त्याला नाही.

खंडाळ्याचा घाट घ्या. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत आपण साधारण साडेपाचशे मीटर वर चढतो. माणसांसकट १३०० किलोची गाडी तेवढी उचलायला लागणारी ऊर्जा आणि पेट्रोल इंजिनाची कार्यक्षमता धरली, तर फक्त चढण्यासाठी पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल लागतं. ११० पीएसची असो की १५० पीएसची, वजन सारखं असेल तर हे पाऊण लिटर दोघींनाही लागणारच. उलट टर्बोला कमी आरपीएमवरच टॉर्क मिळतो, म्हणून ती चौथ्या-पाचव्या गियरमध्ये सहज चढते आणि साध्या इंजिनाला तिसऱ्यात ओरडावं लागतं.

फरक पडतो तो पायामुळे. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिन नेहमीचं मिश्रण सोडतं. नेहमी वजनाने एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा असते. पूर्ण भाराखाली, सिलिंडर थंड राहावेत म्हणून, बरीच इंजिनं १२-१२.५ भागांवर येतात. म्हणजे त्या क्षणी जाणारं काही पेट्रोल निव्वळ थंडावा द्यायला जातं. दर सिग्नलला पिकअप बघायची सवय असेल तर ते वहीत दिसतं.

१.५ टीएसआयमध्ये आणखी एक सोय आहे: भार कमी असला की मधले दोन, म्हणजे दुसरा आणि तिसरा सिलिंडर, बंद होतात. सपाट रस्त्यावर एका वेगाने पाय स्थिर ठेवला की डिस्प्लेवर तशी सूचना येते. पाय सतत वरखाली करणाऱ्याला ती क्वचितच दिसेल.

६. घाट उतरताना न्यूट्रल केलं तर पेट्रोल वाचतं का?

नाही. गियरमध्ये ठेवून पाय काढला की आजच्या इंजिनात इंजेक्टर पूर्ण बंद होतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल द्यावंच लागतं. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो. बोरघाटात ब्रेक तापून वास येणाऱ्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. कृपया हे करू नका.

७. समृद्धीवर १०० ऐवजी १२० ने गेलो तर किती फरक पडतो?

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. १०० वरून १२० म्हणजे वेग २० टक्के जास्त, विरोध ४४ टक्के जास्त. सगळं पेट्रोल हवेशी झगडण्यात जात नाही, म्हणून ॲव्हरेज त्या प्रमाणात पडत नाही. माझ्या वहीत नागपूरला जाताना ९५-१०० वर १६.५ आलं होतं, येताना ११५-१२० वर १३.६. दर शंभर किलोमीटरला दहा मिनिटं वाचली आणि सव्वा लिटरहून जास्त पेट्रोल गेलं.

समृद्धीवर १२० ची परवानगी आहे, पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर सपाट भागात १००. पण ७०१ किलोमीटरच्या काँक्रीटवर उन्हाळ्यात टायरची हवा आणि वय या दोन गोष्टी ॲव्हरेजपेक्षा फार महत्त्वाच्या आहेत. निघायच्या आधी, टायर थंड असताना, हवा तपासा. (टायरबद्दल प्रश्न ११.)

८. पेट्रोल वाचवायला कायम वरच्या गियरमध्ये चालवतो. बरोबर ना?

एका मर्यादेपर्यंत. १३००-१४०० आरपीएमवर वरचा गियर टाकून वर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, हे थेट इंजेक्शनच्या (पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) छोट्या टर्बो इंजिनाला सर्वात वाईट. अशा वेळी ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटू शकतं आणि तो दणका पिस्टनवर बसतो. जोर हवा असेल तर एक गियर खाली या. याच त्रासासाठी इंजिन ऑइलचे नवे दर्जे आले. २०२० चा एपीआय एसपी त्यातलाच. तेल घेताना डब्यावर तो, किंवा तुमच्या कंपनीच्या पुस्तिकेतला दर्जा, छापलेला आहे का ते वाचा.

९. ९५, ९७, १०० ऑक्टेन भरावं का?

आधी टाकीच्या झाकणाच्या आतलं स्टिकर वाचा. तिथे जो किमान ऑक्टेन आकडा आहे तो पाळा. त्याहून वरचं इंधन हा शौक आहे, गरज नाही. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, आधीच पेटून न जाण्याची क्षमता. कमी ऑक्टेनवर नॉक सेन्सर (असं अवेळी पेटणं ओळखणारा) ठिणगीची वेळ मागे घेतो, गाडी किंचित सुस्त होते आणि ॲव्हरेजही थोडं पडतं. हे मे महिन्यात, घाटात, चार माणसं आणि सामान असताना जाणवतं. जानेवारीत कोथरूड ते डेक्कन जाताना नाही.

१०० ऑक्टेनचा भाव साध्या पेट्रोलच्या दीडपट आहे. ॲव्हरेजमधून तो फरक कधीच भरून येत नाही. मी दुसऱ्या थरातली गाडी ९५ वर चालवतो, तेही फक्त उन्हाळ्यातल्या लांबच्या प्रवासाला. तिसऱ्या थरातल्या गाडीला ९५ च्या खाली उतरू नका.

१०. ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मुळे ॲव्हरेज पडलं का? इंजिन बिघडेल का?

पडलं, आणि कारण सरळ आहे. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. वीस टक्के मिसळलं की लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी होते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही ई१० साठी जुळवलेल्या जुन्या चारचाकींना ६-७ टक्के आणि ई२० साठी जुळवलेल्यांना १-२ टक्के घट, असंच म्हटलं आहे. याची दुसरी बाजू: ई२० साठी किमान ऑक्टेन ९५ ठरवलेला आहे, पूर्वीच्या ९१ पेक्षा वर. त्यामुळे प्रश्न ९ मधल्या ९५ च्या खर्चाचं समर्थन आता आणखी कमी उरतं.

इंजिनाचं म्हणाल तर गाडी ई२० ला चालणारी आहे का हे पुस्तिकेत किंवा झाकणावर लिहिलेलं असतं. नसेल तर खरी काळजी रबरी पाइप, सील आणि गॅस्केटची. २०१३-१५ च्या पोलो सांभाळणाऱ्यांनी दर सर्व्हिसिंगला इंधनाचे पाइप डोळ्याखालून घालावेत आणि गाडी दोन-दोन महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नये. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि आपला पावसाळा चार महिन्यांचा.

११. टायरवर इतका खर्च खरंच करावा लागतो?

लागतो, आणि पैसे वाचवायची ही जागा नाही. २०५/५५ आर१६ (रुंदी मिलीमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) चा चांगला टायर आठ-नऊ हजारांना मिळतो आणि ४० हजार किलोमीटर आरामात जातो: चार टायरचा खर्च किलोमीटरला ८५ पैशांच्या आसपास. ऑक्टेव्हिया आरएस २४५ चा २२५/४० आर१८ घ्या. एक टायर सतरा-अठरा हजारांचा, मऊ रबर, २५ हजार किलोमीटर. तोच खर्च पावणेतीन रुपयांवर जातो.

टायरची बाजू जितकी बुटकी तितका खड्डा थेट रिमपर्यंत पोचतो. दोन वर्षांपूर्वी पावसात कोकणात उतरताना पाण्याने भरलेला एक खड्डा मला दिसलाच नाही. आवाज असा आला की बायको दचकून उठली. गाडी सरळ चालत होती म्हणून पुढे गेलो. सकाळी चिपळूणला पाहिलं तर पुढच्या डाव्या टायरच्या आतल्या बाजूला लिंबाएवढा फुगा. बाहेरून काहीही दिसत नव्हतं. तेव्हापासून खड्डा लागला की मी मोबाइलचा टॉर्च लावून आतली बाजू बघतोच, आणि तुम्हीही बघा. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो.

१२. मग महिन्याला एकूण किती लागतात? पेट्रोलच सर्वात मोठं ना?

नाही, आणि हे पान लिहायचं मुख्य कारण हेच.

वर्षाला १२,००० किलोमीटर, ॲव्हरेज ११. पेट्रोल १,०९१ लिटर, म्हणजे १ लाख १३ हजार. विमा ४५ हजार, सर्व्हिसिंग १५ हजार, टायरसाठी बाजूला १० हजार, ब्रेक पॅड, वायपर, बॅटरी अशा किरकोळीला ५ हजार. एकूण १ लाख ८८ हजार, महिन्याला १५,६००, किलोमीटरला पावणेसोळा रुपये. टोल यात नाही, तो प्रश्न १८ मध्ये.

आता १७ ॲव्हरेज देणारी साधी गाडी घेतली असती तर? पेट्रोल ७३ हजार. वर्षाला ४० हजार वाचले, महिन्याला साधारण ३,३००. मित्र, सासरे, सोसायटीतले काका, सगळे ज्या ॲव्हरेजवरून बोलतात तो फरक एवढा आहे.

आणि ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते हे. २० लाख ऑन-रोड दिलेली गाडी पाच वर्षांनी, ६०,००० किलोमीटरला, ११ लाखांना गेली, तर ९ लाख गेले. किलोमीटरला १५ रुपये. पेट्रोल साडेनऊ रुपये होतं. या १५ रुपयांत आरटीओचा एकरकमी कर आहे (महाराष्ट्रात वैयक्तिक पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११, २० लाखांपर्यंत १२ आणि त्यावर १३ टक्के), तो परत मिळत नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगतो: परवडायचा प्रश्न शोरूममध्ये सुटतो, पंपावर नाही. तीच गाडी तीन वर्षं जुनी, नीट तपासून घेतलीत (प्रश्न १६), तर पुढच्या कैक वर्षांचं पेट्रोल त्या फरकात निघतं.

१३. विमा एवढा महाग का? आणि १५०० सीसीचं काय आहे?

थर्ड पार्टी हप्ता इंजिनाच्या सीसीवर ठरतो, पीएसवर नाही. जून २०२२ पासूनचे दर: १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६, त्यावर ७,८९७, शिवाय जीएसटी. दीड लिटरच्या टर्बोचं इंजिन १४९८ सीसीचं, म्हणून १५० पीएस असूनही ती मधल्या टप्प्यात राहते. दोन लिटरची गाडी दुपटीहून पुढे जाते.

पण मोठा भाग तुमच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा असतो, आणि तो आयडीव्हीवर, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीवर. झिरो डेप (पार्टच्या घसाऱ्याचे पैसे न कापणारं जादा कवच) घ्याच, कारण त्याशिवाय प्लास्टिक आणि रबरी भागांचे निम्मे पैसे तुमचे, आणि पुढचा बंपर म्हणजे सगळं प्लास्टिकच. खाली बसलेली गाडी आणि मुंबई-पुण्याचा पाऊस असेल तर इंजिन प्रोटेक्टही (पाणी शिरून झालेलं इंजिनाचं नुकसान भरून देणारं कवच) घ्या. पाण्यात बंद पडलेली गाडी परत चालू करायचा प्रयत्न मात्र करू नका.

१४. वॉरंटी संपली. बाहेरच्या गॅरेजला दिली तर चालेल?

चालेल, माणूस बघून. एका गॅरेजने माझ्या गाडीत तेल खुणेच्या वर भरून दिलं होतं. घरी येऊन डिपस्टिक ओढली म्हणून कळलं. परत नेऊन अर्धा लिटर काढून घेतलं. तेव्हापासून तीन गोष्टी मी उभा राहून बघतो: तेलाचा सीलबंद डबा माझ्यासमोर उघडतात का, ड्रेन नटचा वॉशर नवा घालतात का, आणि शेवटी डिपस्टिक. टर्बोच्या शाफ्टला तेलाचाच आधार असतो, म्हणून पुस्तिकेत १५ हजार लिहिलं असलं तरी शहरात चालणाऱ्या गाडीचं तेल मी १० हजारांना बदलतो. अडीच-तीन हजार जास्त जातात, ते मला मान्य आहेत.

थेट इंजेक्शनमध्ये पेट्रोल हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हवरून वाहत नाही, त्यामुळे तिथे कार्बन साचत जातो. ६०-८० हजारांनंतर इंजिन सकाळी अडखळू लागलं तर तिकडे बघायला सांगा. पेट्रोलमध्ये टाकायच्या बाटल्यांनी हे साफ होत नाही, पेट्रोल तिथवर पोचतच नाही.

१५. ड्युअल क्लच ट्रॅफिकमध्ये जातो म्हणतात. कसा जपायचा?

कोरड्या क्लचच्या (क्लच तेलात नसलेल्या) सात गियरवाल्यात गाडी इंचाइंचाने सरकवत ठेवली की क्लच अर्धवट पकडून तापतो. पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मग ब्रेक पूर्ण सोडून एकदम सरका आणि पूर्ण थांबा. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी धरून ठेवू नका, ब्रेक दाबा. क्लच बदलायची वेळ आली तर बिल लाखाच्या घरात जातं. तेलात बुडालेल्या, ओल्या क्लचचा प्रकार (२०१७ च्या ऑक्टेव्हिया आरएसमधला सहा गियरचा) उष्णता जास्त सोसतो, पण त्याचं तेल दर ६०,००० किलोमीटरला बदलावं लागतं. विकणाऱ्याकडे ते बिल मागा.

१६. सेकंड हँड घेताना काय बघू?

सर्व्हिसिंगची सगळी बिलं, विम्याच्या दाव्यांचा इतिहास, चारही टायर एकाच कंपनीचे आहेत का. एका ॲक्सलवर दोन वेगळे स्वस्त टायर दिसले तर मालकाने बाकीचंही तसंच सांभाळलं असेल असं मी धरतो. इंजिन पूर्ण थंड असताना स्वतः सुरू करा, म्हणजे आधीच गरम करून ठेवलेली नको. मग वीस मिनिटं ट्रॅफिकमध्ये, पहिला-दुसरा गियर, रिव्हर्सने चढ.

दुर्मीळ गाडीत पार्टचा विचार करा. आरएस २४५ २०२० मध्ये फक्त २०० आल्या. इंजिनाचे पार्ट मिळतील, पण त्याच गाडीचा बंपर किंवा दिवा फुटला तर आठवड्यांची वाट बघायची तयारी हवी.

१७. रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवणं) केलं तर ॲव्हरेज वाढतं असं ट्यूनर सांगतो.

त्याच वेगाला, त्याच पायाने चालवलं तर जवळपास तेवढंच राहतं. पण रिमॅप त्यासाठी कोणी करत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सची वॉरंटी जाते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करायला मनाई करतं, आणि न कळवलेला बदल विमा कंपनीला दावा नाकारायला कारण देतो. टर्बोवरचा ताण हा सगळ्यात छोटा मुद्दा आहे.

१८. वार्षिक फास्टॅग पास घेतला, तरी एक्स्प्रेसवेवर पैसे कापले. चूक झाली का?

चूक नाही. १५ ऑगस्ट २०२५ पासूनचा हा पास राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरच चालतो, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. पुणे-मुंबई एक्स्प्रेसवे आणि समृद्धी हे दोन्ही राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आहेत, तिथे नेहमीसारखाच टोल लागतो. पुणे-मुंबईचा कारचा एकेरी टोल ३२० रुपये; महिन्यातून एकदा जाऊन-येऊन वर्षाचे ७,६८०, ते प्रश्न १२ च्या बेरजेत वाढवा. साताऱ्या-कोल्हापूरकडे वारंवार जाणाऱ्यांना मात्र पास लवकर वसूल होतो, कारण खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी हे नाके राष्ट्रीय महामार्गावरचे आहेत.